इंदूबाईची साक्ष

यवतमाळच्या प्रार्थनासभेच्या मंडपात इंदूबाई नाचली होती. पन्नाशीला टेकलेली बाई, पण पदर खोचून, डोळे मिटून अशी नाचली की शेजारच्या बाया बाजूला सरकल्या. वर रंगीत दिवे, दोन्ही अंगाला भिंतीएवढे साऊंड, आणि 'आनंद करा' म्हणून हात उंचावणारे मोठे प्रचारक. इंदूबाई रडली, हसली, तिचा घसा बसला. हा आनंद आपल्याला आता मरेस्तोवर पुरणार, असं तिला वाटलं.

परतीच्या वाटेवर आर्णीला जीप बदलेपर्यंतसुद्धा तो पुरला नाही.

घरी आली तर सासूचं अंथरूण ओलं. शकुबाईला लकवा मारल्यापासून तिची डावी बाजू गेली होती, ती खाटेवरच असे. इंदूबाईनं पिशवी खाली ठेवली, अंथरूण काढलं आणि धुवायला बसली.

नवरा उकंडा ओट्यावर तंबाखू मळत होता. तो स्वतः कधी प्रार्थनेला गेला नाही, पण बायकोला अडवलंही नाही.

"झाली का जत्रा?"

"जत्रा नाही, सभा होती."

"तेच ते. लग्न झालं त्या साली तुले जत्रेत आकाशपाळण्यात बसवलं होतं. केवढी किंचाळली, केवढी हसली! अन् दुसऱ्या दिवशी अशीच तोंड पाडून बसली होती."

उकंडा गमतीनं बोलला, पण इंदूबाईला ते आत कुठंतरी लागलं. प्रभूचा आनंदही पाळण्यासारखा वर जाऊन खाली येत असेल, तर बाप्तिस्मा घेऊन आपण काय मिळवलं?

त्यात पाळक इंद्रजित रस्त्यात भेटले. वयानं लहान, पण गावातली टिनाच्या छपराखाली प्रार्थनेला जमणारी मंडळी त्यांनीच सांभाळलेली. "इंदूताई, येत्या रविवारची साक्ष तुमची. सभेतून आनंद घेऊन आल्या, आम्हालेबी द्या थोडा."

तिनं लाजेकाजेनं मान हलवली. साक्ष म्हणजे उभं राहून, प्रभूनं आपल्यात काय केलं ते चारचौघांत सांगायचं. तिथं खोटं बोलणं म्हणजे त्याच्याच तोंडावर खोटं बोलणं. इंदूबाईनं कापूस वेचता वेचता मंडपातलं गाणं म्हणून पाहिलं, एक दिवस उपास केला. काही आलं नाही. शेवटी तिनं मनाशी ठरवलं: उभं राहायचं, माझ्यात काही नाही असं सांगायचं, आणि त्यानंतर तिकडं पाऊल टाकायचं नाही.

रविवारी सकाळी तिनं पाणी तापवलं, खाट अंगणात घेतली आणि सासूला धुवायला लागली.

"थोबाड काहून सुजलं वं तुहं?" शकुबाईनं विचारलं.

"काही नाही, आत्या."

"लकवा माह्या अंगाले झाला, डोळ्याले नाही. बोल."

इंदूबाईनं सांगून टाकलं. शकुबाई नाक उडवत ऐकत होती.

"म्हणजे आजच्यानंतर तू जाणार नाही तिकडं?"

"कायले जाऊ? माह्यात काही नाहीच तर."

"मंग मले आंघोळ कोण घालीन?"

"मीच घालीन ना! मी कुठं पळून चालली?"

"तू घालशीन. पण पयलेसारखी घालशीन." शकुबाईचा आवाज खाली आला. तसा तो कधी येत नसे. "लकवा झाला त्या साली तुह्या हातात मी गोणपाट होती. तू आली की मी झोपेचं सोंग घेत होती. तुले वाटे, बुढी लय झोपते."

इंदूबाईचा हात थांबला. शकुबाईनं आपल्या चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं.

"मंग तू प्रार्थनेत जाऊ लागली. हात नरम झाला. मी म्हटलं, चार दिवसाचं खूळ. वाट पाहत राह्यली. पोळा गेला, दिवाळी गेली, हात काही पयलेसारखा झाला नाही. त्या दिवशी तू यवतमाळहून मरमर थकून आली, अन् माह्यं अंथरूण घाण. मी तुह्या हाताकडंच पाहत होती. तसाच होता."

"माह्या मनात तवा काहीच नव्हतं, आत्या."

"तुह्या मनाचं मले काय मालूम? हाताचं मालूम हाय. मले तुह्या देवाचं नाव धड घेता येत नाही. पण तू जाय वं तिकडं. सोडू नको."

प्रभूनं आपल्या माणसांचे पाय धुतले, हे तिनं कितीदा ऐकलं होतं. सासूचे पाय धुताना मात्र इंदूबाईला ते कधी आठवलं नव्हतं. ती नुसती धूत आली होती. जे गाजावाजा न करता घरात येऊन राहिलं, त्याला ती यवतमाळच्या दिव्यांत शोधत होती.

"पाणी निवून राह्यलं," शकुबाई खेकसली. "मारतं का मले थंडीनं?"

इंदूबाई पोचली तेव्हा गाणी संपत आली होती. पाळकांनी तिचं नाव घेतलं. ती उभी राहिली.

"मंडपात मी लय नाचली. ते आर्णीलेच संपलं. तवापासून मी प्रभूवर रुसून होती," ती म्हणाली. लोक एकमेकांकडं पाहू लागले. "पण माही सासू म्हणते, माहा हात बदलला, अन् बदलला तो बदललाच. आता माही सासू कोणाले खूश करायले बोलत नाही, हे साऱ्या गावाले मालूम हाय."

मागच्या बाया फसकन हसल्या. पाळकही हसले. इंदूबाईलाही हसू आलं. "बस, एवढंच," म्हणून ती खाली बसली.

प्रार्थना झाल्यावर चहा आला, पण ती थांबली नाही. ऊन वर चढलं होतं. शकुबाईच्या तोंडावर येत असेल, आणि खाट ओढायचं उकंडाला काही सुचणार नाही. ती भराभर चालत निघाली. कुंपणापासूनच तिनं हाक दिली, "आत्या, आली बरं मी!"

"इतक्या लवकर?" शकुबाई म्हणाली. "हाकललं का त्यायनं तुले?"

"नाही वं माय," म्हणत इंदूबाईनं खाट सावलीत ओढली.