वरून येणारं तेल

"गाडीपेक्षा पॅकिंगवरच जास्त खर्च झालाय माझा आता," बाबुराव बॉनेटखाली डोकं घालून पुटपुटले. मेकॅनिक महिपतीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू. पण चहाचा कप घेऊन महिपतीची बायको कौशल्या त्यांच्या शेजारीच उभी होती.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते तेव्हापासून बाबुराव गाडी विश्रांतवाडीतल्या या गॅरेजातच आणत. आता ते रिटायर झाले होते, शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं होतं आणि नव्या सर्व्हिस सेंटरला गाडी धुऊनसुद्धा देतात, असं मुलगा त्यांना जेवताना ऐकवत असे. पण डॉक्टर आणि मेकॅनिक बदलायचा त्यांना संकोच वाटायचा.

तक्रार तीच होती. इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, इनटेक मॅनिफोल्डच्या, खाली तेल साचायचं, तापलेल्या सायलेन्सर पाइपवर ठिबकायचं आणि गाडीत जळका वास भरायचा. महिपतीने मॅनिफोल्डच्या सांध्यातलं पॅकिंग दोनदा बदललं होतं, तेही अगदी मन लावून. दोन्ही वेळा तेल परत आलं.

गंमत म्हणजे, या गाड्यांच्या मॅनिफोल्डमधून हवा जाते, पेट्रोल जातं, तेल जात नाही, हे महिपतीनेच उभ्या आळंदी रोडला शिकवलं होतं. तिथे तेल दिसलं तर मान वर करून बघा, म्हणायचा. आधी इंजिन धुवायचं, कोरडं करायचं, त्यावर टाल्कम पावडर मारायची आणि गाडी चालू ठेवायची. पावडर जिथे आधी भिजेल तिथे दुखणं. पावडर अर्थात कौशल्याच्या डब्यातली. तिच्या तोंडापेक्षा ती इंजिनांनाच जास्त लागली होती.

वर्षभरात रक्तातल्या साखरेने महिपतीच्या डोळ्यांचं काय केलं होतं, ते घरात कुणी उच्चारत नसे. त्यांची मुलगी पूर्वा सॉफ्टवेअर कंपनीत होती; ती बापासाठी मोठ्या आकड्यांचं घड्याळ घेऊन आली आणि सेल होता म्हणाली. कौशल्या कप टेबलावर न ठेवता त्याच्या हातात द्यायला लागली. आणि गॅरेजात तो वाकून, बराच वेळ बघून, "मॅनिफोल्डलाच ओलं आहे ना गं?" असं विचारायचा तेव्हा ती हो म्हणायची. बाबुरावांच्या गाडीच्या वेळीही दोनदा हो म्हणाली होती. गिऱ्हाइकासमोर नवऱ्याचं खोडायचं नाही, एवढ्या एका शहाणपणावर तिचा संसार झाला होता. घरी गेल्यावर सांगू, असं दर वेळी ठरवायची. घरी गेल्यावर तो इतका खुशीत असायचा, की राहून जायचं.

आज बाबुराव घाईत होते. उद्या पहाटे सोलापूरला जाऊन लेकीला, शर्मिलाला, बाळंतपणासाठी आणायचं होतं. सातवा महिना, एसटीची दगदग नको. वाटेत गाडीतून धूर आला तर भर रस्त्यात तिला घेऊन काय करायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

"नसेल जमत तर सांगा, महिपतराव. म्हणजे मग मी..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

"बसा हो निवांत," महिपती म्हणाला.

इंजिन धुतलं, पुसलं. पावडर मारून गाडी चालू केली. थोड्या वेळाने वरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, कडेला पावडर काळवंडली. तिथून एक बारीक रेघ निघाली आणि सावकाश मॅनिफोल्डवर उतरली. बाबुरावांनाही ती दिसली. ते घाईघाईने रस्त्याकडे बघू लागले.

महिपती वाकला, डोळे बारीक केले. "मॅनिफोल्डलाच ओलं आहे ना गं?"

कौशल्याने तोंड उघडलं, पण नेहमीचं हो काही आलं नाही. "वरून येतंय," ती म्हणाली. "त्या झाकणाच्या कडेनं."

त्याने इंजिन बंद केलं. तापलेल्या कव्हरच्या कडेवरून बोट फिरवलं, मागच्या कोपऱ्यात थांबलं, तिथेच घुटमळलं. मग त्याने कव्हर उतरवलं. चेपून कडक झालेलं बुचाचं पॅकिंग खरवडून काढलं, नवं बसवलं, बोल्ट बेताने आवळले. पुन्हा पावडर, पुन्हा इंजिन. या वेळी पावडर कोरडी राहिली. तशी ती राहिली हे कौशल्याने सांगितलं.

"गाडीच म्हातारी झालीय," बाबुराव सारवासारव करत म्हणाले. "कुणालाही चकवेल."

"चकवेल कशी?" महिपती हात पुसत कौशल्याकडे वळला, वळला तो तिच्या जरा डावीकडे. "दोन्ही वेळा तू इथेच उभी होतीस. दोन्ही वेळा हो म्हणालीस. दिसत होतं तर सांगायला काय झालं होतं तुला?"

बाबुराव किल्ली शोधायला लागले. ती त्यांच्या हातातच होती.

"मला दिसत होतं," कौशल्या म्हणाली. "अहो, तुम्हाला दिसत नाही."