गरम हाताची सून

"लाडे, देवापुढं डोळे मीट. पण माणसानं मिटायला सांगितले, तर उघडे ठेव."

आईचं हे सांगणं लाडबाईंना आठवलं, तेव्हा त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. राजूरच्या बाजारात त्यांच्या नवऱ्याचं, जुगलकिशोर शेठचं गाद्या-रजयांचं दुकान. खाली कापूस पिंजायचं यंत्र, वर राहतं घर. त्या वरच्या खोलीत, जिन्यात, गॅलरीत माणसंच माणसं. कोणी नारळ घेऊन आलं होतं, कोणी तापलेला मोबाइल घेऊन. मधोमध पाटावर हिमानंद महाराज, पांढरी शाल पांघरून, कपाळाला कापराचा लेप लावून. समोर टेबलावर सुनेचा गेमिंग कॉम्प्युटर आक्रोश करत होता.

आक्रोशच म्हणायचा. खेळ सुरू झाला की पेटीतले पंखे असे किंचाळत, की दुकानातलं गिऱ्हाईक दचकून वर बघे. रितिका जालन्याहून लग्न होऊन आली ती हे यंत्र घेऊनच. त्यावर ती गाड्यांच्या शर्यती खेळे, खेळता खेळता इंटरनेटवरून लोकांना थेट दाखवे. तिला बघणारे दूरदूरचे होते. दिवाळीपर्यंत सगळं बराबर चाललं. लक्ष्मीपूजनाला शेठनी तिजोरीबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा केली, त्याच्या माथ्याला लाल वस्त्र करकचून बांधलं, आणि तेव्हापासून दर शर्यतीत पडदा मधेच काळा पडू लागला.

"पप्पाजी, ते कापड सोडू द्या, आतून साफ करू द्या," रितिका कितीदा म्हणाली.

"पूजेचं वस्त्र आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत आमच्यात हलवत न्हाईत."

ती नवी सून. तिचं कोण ऐकणार? त्याऐवजी महाराज बोलावले गेले.

कॉम्प्युटरला जोडलेल्या भिंतीवरच्या टीव्हीवर रितिकानं लावून दिलेली शर्यत आपोआप पळत होती आणि कोपऱ्यात तापमानाचे आकडे चढत होते. ग्राफिक्स कार्ड सत्त्याऐंशी अंश, प्रोसेसर चौऱ्याण्णव.

"अग्निबाधा!" महाराज गरजले. "कार्डाला ज्वर, प्रोसेसरला पित्त! यंत्राच्या पोटातला अग्नी भुकेला आहे. मी हिमालयात बर्फावर बसलो, तो कशासाठी?"

"पंखा भेटला नसंल," जिन्यातून कोणीतरी पुटपुटलं.

महाराजांजवळ बसलेल्या कारभारीनं मागं वळून डोळे वटारले. महाराजांना गावात आणणारा तोच.

"डोळे मिटा सगळ्यांनी! जो उघडील, त्याच्या घरात हा ज्वर शिरेल!"

खोलीभर डोळे मिटले. लाडबाईंनी हात जोडले. डोळे मात्र उघडे ठेवले.

महाराज मंत्र म्हणू लागले तसा त्यांचा चेला हातावर रुमाल टाकून पुढं सरकला. रुमालाखालून पेनड्राइव्ह खोचला, कीबोर्डच्या दोन-तीन कळा दाबल्या. शर्यत थांबली, पडद्यावरून गेली, आणि तिच्या जागी महाराजांचा फोटो आला. मग त्यानं पेटीची काचेची बाजू काढली, आत मंत्र कोरलेला तांब्याचा पत्रा टेकवला आणि कोपऱ्यातला टेबलफॅन पेटीच्या उघड्या पोटाकडं वळवून ठेवला. मंत्र लांबत गेला. किंचाळणं हळूहळू मावळलं.

"उघडा डोळे!"

टीव्हीवर हसरे महाराज. कोपऱ्यात आकडे पन्नाशीच्याही खाली.

"महाराज मशीनीत प्रकटले!" कारभारी ओरडला, आणि माणसं एकमेकांवर पडत पाया लागली.

"थांबा," महाराजांनी हात उचलला. "ही शांती टिकणार नाही. या घरात एक गरम हात आहे. नव्या सुनेचा! तिनं स्पर्श केला की अग्नी जागतो. तिला माहेरी पाठवा. मी बोलावीन तेव्हाच आणा. आणि यंत्र आमच्या आश्रमात द्या, तिथं ते थंड होईल."

रितिका उंबऱ्याबाहेर बसली होती. तिला तिथंच बसवलं होतं. तिचा नवरा अंकित बापाकडं बघत राहिला, आणि शेठ फरशीकडं.

"मंग अंकित येईल सोडून उद्या," शेठ म्हणाले.

लाडबाई उठल्या. त्यांचा आवाज गावानं कधी चढलेला ऐकला नव्हता. तो आताही चढला नाही, पण त्यात राग होता.

"महाराज, परत एकदा करा. शर्यत चालू ठेवून. चेल्याला लांब बसवून, अन् आमचे डोळे उघडे ठेवून."

"माई, शंका आली की श्रद्धा गेली."

"माझी श्रद्धा तुम्ही नका मोजू. आज एकादशी आहे, सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला न्हाई मी. देवाला मानते, म्हणून तर विचारून राह्यले. माझ्या देवाला माझे उघडे डोळे कधी खटकले न्हाईत. तुम्हालाच का खटकून राह्यलेत?"

महाराजांनी शाल सावरली.

"बिंदणी," लाडबाईंनी सुनेला त्यांच्या मारवाडीत हाक मारली, "आत ये. तुझ्या मशीनला हात लाव."

रितिकानं आधी तो तांब्याचा पत्रा बाहेर काढला. "हा भलत्या ठिकाणी टेकला असता तर सगळं जळालं असतं," ती म्हणाली. मग काच बसवली, टेबलफॅन बंद केला, शर्यत सुरू केली. आकडे चढले. पंखे किंचाळले.

"बघा! हात लागला की चढलं!" कारभारी उसळला.

"मंग तू बस," लाडबाई म्हणाल्या. "तुझा थंड हात लाव."

कारभारीनं गाडी पळवली, दोनदा भिंतीवर आदळली. आकडा तसाच वर.

"कारभारी, तुझा बी हात गरम! जा माहेरी!" जिन्यातून आवाज आला आणि खोली हसली.

"आता तुम्ही बसा महाराज."

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

"थांबवा आता खेळ," रितिका म्हणाली. कारभारीनं थांबवला, आणि मंत्राशिवाय, सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांपुढं, आकडे उतरू लागले. "पळणारा माणूस बसला की त्याचा दम उतरतो, तसंच हे. काम थांबलं की तापणं थांबतं. चमत्कार एवढाच."

तिनं वीज बंद केली. लाल वस्त्राच्या गाठीला मात्र तिचा हात जाईना. लाडबाईंनी वस्त्राला नमस्कार केला आणि स्वतः गाठ सोडली. वस्त्राखाली माथ्याची जाळी होती, तिच्यातून आतली गरम हवा बाहेर जायची. पुढच्या जाळीतून थंड हवा आत यायची, तिच्यावर दुकानातून उडालेल्या कापसाचा थर जमला होता. रितिकानं तो सोलून काढला.

"अहो," लाडबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या दुकानाची रजई पांघरून बसलं होतं हे. तापणार न्हाई तर काय?"

आतल्या पंख्यांवरचाही कापूस ब्रशनं निघाला. पुन्हा शर्यत. आकडा चढला, सत्तरीच्या थोडा पुढं गेला आणि तिथंच थांबला. कारभारी भिंतीवर आदळत राहिला, पडदा काळा पडला नाही.

महाराज जिन्याकडं सरकत होते.

"असं न्हाई जायचं. आधी माझ्या सुनेला सांगा, तिचा हात गरम न्हाई."

महाराज शालीत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं!"

"नाही गरम," महाराज म्हणाले, आणि चेल्यासकट उतरले. कोणी पाया पडलं नाही.

लाडबाईंचा राग मात्र उतरला नव्हता. "ते गेले. पण पोरीला उंबऱ्याबाहेर आपण बसवलं ना? रोज सांगत होती, कापड सोडा, जाळी साफ करा. तिचं ऐकायला काय लागत होतं? यंत्र तापलं तर कारण यंत्रात शोधा, माणसाच्या हातात नका शोधू. अन् देवानं बुद्धी दिली ती वापरली तर देव कोपत न्हाई, हे माझ्याकडून लिहून घ्या."

शेठनी लाल वस्त्र उचललं, घडी घातली आणि देवघरात ठेवलं.

माणसं पांगली तरी शेजारची झुंबरबाई भिंतीला टेकून उभी होती. डोळे भरलेले.

"भाभी, आमची विहिरीवरची मोटर सारखी जळत होती. ह्या महाराजानंच सांगितलं, दैवशालाचा हात गरम. लेकरासकट जाफराबादला माहेरी धाडली मी सुनेला. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

"मी येते बरोबर. उद्याच जाऊन तिला घेऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी लाडबाईंनी पूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं, एकादशीचा उपास सोडला. डोक्यावरून पदर घेऊन त्या जिना उतरल्या, आणि जाफराबादच्या जीपमध्ये झुंबरबाईशेजारी जाऊन बसल्या.