तिसऱ्या सलाइनआधी

"कानात शिट्टी, घणघण, असलं काही?" सिस्टरने कागदावरून नजर न काढता विचारलं.

"नाही," पंपमिस्त्री म्हणाले. घसा वाळूने भरल्यासारखा, पण आवाज होता.

शेजारी बसलेल्या बायकोच्या मनातली प्रार्थना थांबली. कालच मिस्त्रींनी एका मोटरीला स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाशी धरला होता. तीस वर्षांची सवय. "बेअरिंग ठणठणीत!" म्हणाले. ते बेअरिंग किंचाळत होतं. तिला आत स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

घशाच्या कॅन्सरात स्वरयंत्र काढावं लागू नये म्हणून डॉक्टरांनी ही वाट काढली होती. खरं काम रेडिएशनचं; केमो त्याला धार लावते. तीन डोस; आज तिसरा. या औषधाने कान बिघडू शकतात, आणि बिघडले तर ते थांबवावं लागतं. एक चुकला की ऑपरेशन, असं मिस्त्रींनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

"सिस्टर, आठ दिवस झाले, यांना नीट ऐकू येत नाही," बायको पुटपुटली.

सिस्टरने मान वर केली. "काय म्हणालात?"

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी मिस्त्रींनाही कळलं. "तू गप्प बस गं!"

"काका, हे लपवायचं नसतं हो," म्हणत सिस्टर उठलीच.

कानांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "गेलंय ते बहुधा परत येणार नाही. उरलेलं सांभाळू. आज दुसरं औषध देऊ, कानाला त्रास कमी. रेडिएशन चालूच राहील."

"आणि आवाज?" तिने विचारलं.

"खात्री देत नाही. पण वाट बंद झालेली नाही."

मिस्त्रींनी मान डोलावली. ती मान तिच्या ओळखीची झाली होती. काही कळलं नाही की ते अशीच डोलवायचे.

डॉक्टर गेले. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "घात केलास. आता गळा कापतील."

"नाही हो," ती हळूच म्हणाली. तिचं बोलणं शेजारणीलासुद्धा दोनदा विचारावं लागे. ती उठली, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ऑपरेशन नाही! दुसरं औषध देणारेत!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"आम्हाला कळलं, वहिनी," पलीकडच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले.

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. "मग रडतेस कशाला?"

तिने पदराने तोंड पुसलं. मिस्त्रींनी बाही वर सारली आणि सलाइन घेऊन आलेल्या सिस्टरपुढे हात धरला.