खालचा खण

टेलरकाकांनी दाराची मूठ धरली आणि तिथेच थांबले.

ती रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळत होती. तिचा हात आपोआप मंदावला. टेबलावरच्या बेलवर डॉक्टरांचं बोट होतं, पण त्यांनी ती दाबली नव्हती. या दवाखान्यात कामाला लागल्यापासून सहा वर्षं ती हे बघत आली होती. माणूस आत येतो, खोकला सांगतो, गुडघा सांगतो, औषध घेऊन उठतो. आणि खरं दुखणं दाराशी पोचल्यावर निघतं. म्हणून दार लागल्याचा आवाज आल्याखेरीज डॉक्टर पुढच्याला बोलवायचे नाहीत.

"आणि एक," टेलरकाका दाराकडेच बघत म्हणाले, "काल एकाच्या खांद्याचं माप घेतलं. वहीपर्यंत जाईस्तोवर विसरलो. परत घेतलं, परत तेच. गिऱ्हाईक म्हणालं, काका, माझा खांदा फारच आवडलेला दिसतो."

ते हसले. डॉक्टर हसले नाहीत.

"दार लावा. बसा."

ती बाहेर काउंटरवर आली. मागे भिंतभर कप्पे होते. दर घराचं एक पाकीट, घरातल्या सगळ्यांचे कागद त्यात. गाव सोडून गेलेल्यांचे कागद फाडायचे नाहीत, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. ते सगळ्यात खालच्या खणात जायचे. 'माणसं येतात परत,' ते म्हणायचे. 'आणि नाही आली, तरी खण काय जेवायला मागतो?'

तिच्या फोनमध्ये दोन मेडिकल कॉलेजांची प्रवेशाची पत्रं होती. आज पाचच्या आत एकाला होकार कळवायचा होता. दवाखाना बंद असायचा त्या दुपारच्या तासांत, याच काउंटरवर पुस्तक उघडून, दोनदा आपटी खाऊन तिनं ती मिळवली होती. व्हायचं होतं ते एवढंच, अशाच एखाद्या टेबलामागचा डॉक्टर. अख्ख्या घराचा.

एक कॉलेज घरापासून चालत दहा मिनिटांवर. नाव मोठं. तिथून बाहेर पडणारा एकेका अवयवाचा होऊन जायचा. कोणी नुसत्या कानाचा, कोणी हृदयाच्या झडपांचा. दुसरं बसने आठ तास लांब आणि लहानसं. पण तिथे पहिल्याच वर्षी प्रत्येकाला वस्तीतली चार घरं नेमून द्यायचे आणि शेवटपर्यंत तीच घरं. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, गप्प बसता येतं का? काय बोलावं ते तिला सुचेना. ती नुसती बसून राहिली, आणि निवड झाली.

"मला विचारायचं होतं त्यांनी," सासूबाई म्हणाल्या होत्या. "सहा वर्षांची खात्री लिहून दिली असती."

त्या लांबच्या वसतिगृहात मुलांची सोय नव्हती. घरी यायला मिळणार ते दीड-दोन महिन्यांतून एकदा. आणि मुलगी चार वर्षांची. घरात सगळ्यांनी जवळचं धरूनच टाकलं होतं. नवऱ्यानं अभ्यासासाठी टेबल खिडकीशी सरकवलं, दिव्याची वायर ओढली. 'मी काही म्हणत नाही हं,' एवढंच म्हणाला आणि टेबलाचा पाय डुगडुगतो का ते बघत राहिला.

मुलीला आईच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोप यायची नाही. मुलाखतीचे दोन दिवस संपवून ती परतली, तेव्हा मुलीनं पाळी चाचपली, "आजीची मऊ आहे," म्हणाली आणि कूस बदलली.

टेलरकाका बाहेर आले. "बुधवारी बायकोला घेऊन यायला सांगितलंय," ते तिला म्हणाले, आणि टोपी बाकावर विसरून निघाले. ती धावत जाऊन देऊन आली. मग बाकावरच्या दोघींना "एक मिनिट हं" म्हणून आत गेली.

"कॉलेजचं ना?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "बोल."

तिनं सगळं सांगितलं. आठ तास, चार घरं, टेबल, कान.

"तुम्ही कुठलं घेतलं असतंत?"

"मी त्या जवळच्यातलाच. हाडं दोन्हीकडे दोनशे सहाच शिकवतात. तुझं अडतंय कुठे?"

"मुलगी मला विसरेल."

"विसरायची नाही. रुसेल. फार रुसेल."

"हो."

"मग?"

"मग काही नाही. पाठवते पुढच्यांना."

ती दाराशी गेली. मूठ धरली. पाठीमागे बेल वाजेल म्हणून तिनं वाट पाहिली. वाजली नाही.

"तिथे मला झोप लागली," ती दाराला म्हणाली. "दोन्ही रात्री. गाढ. कानाला कोणाचा हात नव्हता, हे सकाळी चहा पिताना लक्षात आलं."

मागे डॉक्टरांची खुर्ची करकरली.

"आणि परत आल्यापासून त्या खोलीचीच आठवण येते. लोखंडी खाट होती, एक खिडकी. खाली कोणीतरी नळावर बादली भरत होतं. मुलगी मांडीवर असते आणि मी तो बादलीचा आवाज आठवत बसते." तिनं मूठ सोडली नाही. "कुठल्या आईचं असं होतं का हो?"

"तुझा कागद आण," डॉक्टर म्हणाले. "मग दार लाव आणि बस."

तिनं घरचं पाकीट आणलं. पेशंटच्या खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी त्यातला तिचा कागद काढून दोघांच्या मधे ठेवला. खोकला, लोहाच्या गोळ्या, कंबर. आणि मधूनमधून, चार वर्षं, त्यांच्याच तिरप्या अक्षरात : झोप नाही. झोप नाही. तिनं कधी तक्रार केल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्यांनी आजची तारीख घातली आणि खाली लिहिलं : झोप लागली. दोन रात्री.

औषधाची जागा कोरी ठेवून कागद तिच्याकडे सरकवला.

"पाचला अजून वेळ आहे," ते म्हणाले. "टेबल सरकवणाऱ्याला आधी सांग. फोनवरून नको."

बाहेर येऊन ती पाकीट लावायला बसली. सासूबाईंचा कागद. नवऱ्याचा. मुलीच्या कागदावर पाचव्या वर्षाच्या लसीची तारीख होती. तिनं ती दोनदा वाचली. मग पेन्सिल घेतली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं : आजी आणेल.

पाकीट कप्प्यात गेलं. हातात एक कागद उरला.

ती खाली उकिडवी बसली. खालचा खण जड होता, गच्च भरलेला. दोन्ही हातांनी ओढावा लागला. आपला कागद तिनं सगळ्यात पुढे खोचला, चटकन सापडेल असा. खण पुरता लागेना. तिनं तो तसाच राहू दिला.

आत बेल वाजली. बाकावरच्या बाई पिशवी सावरत उठल्या, तिच्याकडे बघत थांबल्या.

"जा ना," ती म्हणाली. पण खणाशी ती अजून तशीच बसलेली होती.