दोन्ही हात

मुलांनो, एवढं जरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही शाळेतून घरी आला आहात. पाठीवर दप्तर आहे, बुटाची नाडी सुटून पायात येते आहे आणि तुम्ही दार वाजवता. दार कोण उघडणार हे तुम्हाला ठाऊक असतं. रोज आईच उघडते. एका हातात कात्री, ओठांत टाचण्या, त्यामुळे ती बोलत नाही, नुसती मान हलवते आणि तुम्ही आत शिरता. पण आज दार उघडतात ते बाबा.

भिंगरीचं तसंच झालं. भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. एका जागी टिकत नसे म्हणून घरात आणि सगळ्या इमारतीत तिला तेच नाव पडलं होतं. ती उंबऱ्यातच थांबली. बाबांच्या अंगावर सकाळचाच इस्त्रीचा शर्ट होता. आज नव्या कामाचा पहिला दिवस, म्हणून आईने त्याची सैल झालेली गुंडी पक्की करून दिली होती. ते संध्याकाळी यायचे होते. आता तर दुपार होती.

"बाबा, लवकर सुटलात?"

"हं."

"आवडलं काम?"

"हं. हातपाय धू."

आणि ते जाऊन खिडकीशी खाटेवर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घालून. गेले काही महिने ते असेच बसत.

आतल्या खोलीत आईचं शिलाई मशीन चालू होतं. लोकांच्या पँटींच्या चेनी बदलणं, झगे आखूड करणं, असली कामं ती घरी करत असे. भिंगरीने आत डोकावून भुवया उडवल्या. आईने टाचण्या काढल्या आणि हळूच म्हणाली, "मलाही काही सांगितलं नाही. विचारू नकोस."

तुम्हाला वाटेल, काम गेलं की माणूस रडतो, चिडतो, भांडी आपटतो. जुनं काम गेलं तेव्हा बाबांनी यातलं काहीच केलं नव्हतं. ते रागावले असते तर आईला बरं वाटलं असतं. वाढलं ते जेवत. भाजीत मीठ नसलं तरी जेवत. "बाजारात जाऊन या" म्हटलं की जात, "राहू द्या" म्हटलं की चपला काढत. घरात कपाट असावं तसे बाबा होते. असून नसल्यासारखे.

आधी ते असे नव्हते. ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

बाबा पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात होते. रंगाचे डबे, तेलाचे डबे, बिस्किटांचे डबे. मशीनखाली पत्रा सरकवायचा, मग वरून भला मोठा दट्ट्या खाली यायचा. धाड्! झाकण तयार. अशी कितीतरी मशीनं एका शेडमध्ये. आवाज असा, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू येऊ नये. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलत. डोक्यावर टोपी घातल्यासारखं केलं की साहेब येतोय. अंगठा ओठांकडे नेला की पाणी. पोटावर गोल हात फिरवला की जेवायची वेळ झाली, नाहीतर सुपरवायझरचं पोट, ज्याला जे हवं ते त्याने समजावं.

पण एक खूण होती, तिच्यात थट्टा नव्हती. एकेका मशीनवर दोघं असत. एकाने पत्रा लावायचा, दुसऱ्याने हिरवं बटण दाबायचं. पत्रा लावणाऱ्याने मागे सरून दोन्ही हात वर करून दाखवायचे. दोन्ही. मगच बटण. एक हात वर करून चालत नसे, कारण दुसरा कुठे आहे हे बटण दाबणाऱ्याला कसं कळणार?

बाबा बटणावर होते. त्यांच्या समोर पत्रा लावायला हत्तीकाका. नावाप्रमाणेच धिप्पाड. कारखाना बंद झाला तेव्हा हत्तीकाका सगळी बोटं शाबूत घेऊन घरी गेले. त्या शेडमध्ये ही काही लहान गोष्ट नव्हती.

आता अशी सवय लागलेला माणूस घरी आला म्हणून ती काय फाटकाशी ठेवून येणार? मिक्सर लावायचा, की बाबा बटणावर बोट ठेवून विचारत, "हात?" आई वाटण लागलेल्या हातांनी, भिंगरी पेन्सिलीसकट, सगळ्यांनी हात वर करायचे. मगच मिक्सर. एकदा भिंगरीने खाटेवर उताणी पडून दोन्ही पाय वर केले.

"पाय चालतील का?"

"पाय सुखरूप आहेत, कळलं. हात कुठायत?"

आई म्हणायची, "चटणी आज होणार आहे का? की दोघं मिळून मुहूर्त काढताय?"

असं चाललं होतं. मग बाजार बसला.

बाजार बसतो म्हणजे काय, हे मोठ्यांनाही धड सांगता येत नाही. मी सांगून बघतो. लोकांना वाटू लागतं की पुढे दिवस वाईट आहेत. मग ते भिंतीला नवा रंग लावायचं पुढे ढकलतात. रंग खपत नाही, म्हणून रंगाचे डबे नकोत. डबे नकोत, म्हणून डबे करणारी माणसं नकोत. त्या माणसांच्या हाती काही येत नाही, म्हणून तीही भिंती रंगवत नाहीत. यात कोणी कोणाचं वाईट केलेलं नसतं. म्हणूनच कोणावर ओरडताही येत नाही.

शेवटच्या दिवसाची हकिगत भिंगरीला हत्तीकाकांनी सांगितली. ते भावाकडे राहायला चालले होते, तेव्हा निरोप घ्यायला घरी आले होते. साहेबांनी सगळ्यांसमोर मुख्य खटका खाली ओढला. शेड गप्प झाली. इतकी गप्प, की नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं. त्या शांततेत हत्तीकाका म्हणाले, "सुटलो बुवा एकदाचे." शेडमध्ये त्यांचा आवाज कोणी कधी ऐकलाच नव्हता.

"हत्त्या, हा तुझा आवाज?" कोणीतरी म्हणालं. "मला वाटलं मांजर आलं!"

सगळे हसले. पण हसणं संपल्याचंही ऐकू आलं, तेव्हा पुन्हा कोणी हसलं नाही.

"मग तुझ्या बाबाने माझ्याकडे बघितलं," हत्तीकाका म्हणाले. "त्याचा हात बटणावर. सवयच ना. मग मीही दोन्ही हात वर केले. मशीन बंद, वीज बंद, आणि आम्ही दोघं उभे. येड्यांचा बाजार!"

हत्तीकाका हे सांगत होते तेव्हा बाबा तिथेच खाटेवर बसलेले होते. ते हसले नाहीत. फक्त हात मांड्यांखाली घातले. ती पहिली वेळ.

त्यानंतर दुपारी जिन्यात इतर मुलांचे बाबाही दिसू लागले. वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हर, समोरच्या घरातले कारकून. कोणी कठड्याला टेकून उभं, कोणी विनाकारण पायपुसणं झटकत असे. शाळेतून येणाऱ्या मुलांना ते आधी विचारत, "काय, आज काय शिकवलं?" पुढे पुढे विचारेनासे झाले.

आणि एके दिवशी आईने मिक्सर लावला. "हात?" असं कोणी विचारलं नाही. भिंगरीने हात वर केलेच होते. ते तिने हळूच खाली घेतले.

खालच्या मजल्यावर एक मावशी राहत. मोठ्या लाँड्रीत कामाला होत्या. तिथे हॉस्पिटलांच्या चादरी येत, ढिगांनी. आजारी माणसांना बाजार बसल्याचं ठाऊक नसतं, त्यामुळे चादरी मात्र मळत होत्या. मावशींनी मुकादमाच्या मागे लागून लागून बाबांसाठी शब्द टाकला होता आणि आज पहिला दिवस होता. तर ते दुपारीच घरी.

संध्याकाळी मावशी वर आल्या. चपलाही न काढता दारातच उभ्या राहिल्या.

"भावोजी, असं काय केलंत हो?"

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. आईने मशीन थांबवलं.

"अगं, काय सांगू तुला! इस्त्रीचं मोठं मशीन असतं बघ आमचं. खाली फळी, वर तापलेलं झाकण. मी चादर पसरते, पलीकडच्याने बटण दाबायचं, झाकण खाली. एवढंच काम. शेंबडं पोर करील! मी चादर पसरली. म्हटलं, दाबा. तर हे बटणावर बोट ठेवून उभे. माझ्याकडे बघतायत टकाटका. म्हटलं, अहो दाबा की! तरी उभे. मागे चादरींची ही रांग लागली. बायका फिदीफिदी हसायला लागल्या. एक म्हणते, 'मावशी, पाव्हण्याला तुम्ही पसंत पडलात वाटतं!'"

आईला हसू आलं असतं, एरवी.

"मग मुकादम आला. म्हणाला, हा माणूस जागा आहे का झोपलाय? शेवटी यांनी मान खाली घातली आणि दारातून सरळ बाहेर. मी कशीबशी समजूत काढलीय. म्हणतोय, उद्या एकदा बघतो. उद्या पण पुतळाच झाला, तर दारात दुसरे उभेच आहेत. आणि आहेत गं, खरंच उभे असतात. सकाळपासून."

"उद्या येतील ते," आई म्हणाली.

"मी नाही जाणार," बाबा म्हणाले. मोठ्याने नाही, चिडूनही नाही. पाऊस नाही, असं सांगावं तसं.

मावशींनी कपाळावरचे केस मागे सारले. तेव्हा भिंगरीला त्यांची बोटं दिसली. बोटांच्या पेरांवर, मनगटाजवळ, गुळगुळीत चकाकणारे डाग होते. काही जुने, पांढरट. एक ताजा, लालभडक.

"मावशी, हे काय झालं?"

"भाजतं गं. झाकण येतं ना वरून. एखाद्या वेळी हात काढायला उशीर होतो." मावशी जिना उतरू लागल्या. "भाजल्याशिवाय का इस्त्री होते? उद्या वेळेवर निघा हो, भावोजी!"

दार लागलं. आईने पुन्हा मशीन चालू केलं आणि लगेच थांबवलं. शिवण वाकडी गेली होती.

भिंगरी खाटेपाशी गेली. बाबांना एका कानाने कमी ऐकू येत असे, म्हणून ती दुसऱ्या बाजूला बसली.

"बाबा, मावशींनी हात दाखवलेच नाहीत ना?"

बाबांनी खिडकीबाहेरची नजर आत वळवली.

"नाही."

"म्हणून तुम्ही दाबलं नाही."

"चादरीखाली दिसत नव्हते. तिचे हात."

"अहो, मग सांगायचं की तिथे!" आई आतून म्हणाली.

"काय सांगायचं? सगळ्यांना घाई." बाबा थांबले. "तिथे तशी पद्धत नाही."

"उद्या तरी दाबाल का?" आईने विचारलं. ती आता दारात येऊन उभी होती. हातातली कात्री उघडी होती. "डोळे मिटून दाबा. इतर दाबतात तसं. दाबाल?"

बाबांनी मांडीखालून उजवा हात काढला, बटण दाबायच्या बोटाकडे बघितलं आणि तो पुन्हा होता तिथे ठेवला.

"जमायचं नाही मला ते," ते म्हणाले.

मुलांनो, इथे कोण चूक, ते मला विचारू नका. आईला उद्याची काळजी होती आणि ती खरी होती. बाबांना मावशींच्या बोटांची काळजी होती, तीही खरी होती. आणि दोघांनाही आता बोलायचा कंटाळा आला होता. आई आत गेली. बाबा खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

भिंगरी उठली. चपला न घालताच जिना उतरून खाली गेली आणि तिने मावशींचं दार वाजवलं.

मावशींनी गॅसवर भात ठेवला होता. हातात पळी होती. "काय गं? आईने काही मागितलंय का?"

"नाही. मावशी, तुम्ही इथे उभ्या राहा. टेबलाच्या पलीकडे. मी बाबा."

"आता हा कसला खेळ? भात लागेल माझा."

"उभ्या राहा ना!"

मावशी उभ्या राहिल्या. भिंगरीने टेबलावरची वर्तमानपत्राची घडी उलगडून पसरली. "ही चादर. आता तुम्ही ती नीट करा. झाली? आता मागे व्हा आणि हात वर करा. म्हणजे बाबा दाबतील. तुम्ही म्हणाल त्याच्याही आधी दाबतील. बघा तुम्ही."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि हे त्या खुळ्या माणसाला तोंडाने नाही सांगता आलं?" मावशी पुटपुटल्या. पुटपुटतच त्यांनी उजवा हात वर केला. डाव्या हातात पळी होती आणि ती टेबलाखाली होती.

भिंगरीने टेबलावर बोट ठेवलं होतं. बटणावर ठेवतात तसं. ती मावशींकडे बघत राहिली.

"अगं, दाब की आता. केला ना वर!"

भिंगरी हलली नाही. गॅसवर भाताचं झाकण थडथडू लागलं. मावशींनी तिकडे बघितलं, मग पुन्हा या पोरीकडे. तिने मान हलवली नव्हती, की पापणी हलवली नव्हती. दुपारी लाँड्रीत मशीनच्या पलीकडून कोणीतरी अगदी असंच बघत उभं होतं.

मावशींनी पळी खाली ठेवली. दुसरा हात वर केला. डाग पडलेली दहाही बोटं दिव्याखाली पसरली.

भिंगरीने ती एकदा नीट बघून घेतली. मग टेबल दाबलं.