फुगोबाचं हसू

"मेलो गं आई!" असं किंचाळून बेडूक पुन्हा काट्यांत पडला आणि तिनं दातओठ खात कंट्रोलर सोफ्यावर आपटला. वृत्तपत्रात नव्या व्हिडिओ गेमबद्दल लिहिणं हे तिचं काम. टाकाऊ गेम तिनं ढिगानं खेळले होते, पण असा वीट कधी आला नव्हता.

गेम एका जुन्या कार्टूनवर बेतलेला होता. फुगोबा नावाचा बेडूक संकट आलं की पोट फुगवून वर तरंगायचा. तिच्या लहानपणी पोरंसोरं त्याच्यासाठी ताटावरून उठून टीव्हीसमोर पळायची. आणि फुगोबाचा आवाज होता तिच्या बाबांचा.

आता तो आवाज उरला नव्हता. घशाच्या ऑपरेशननंतर बाबा कुजबुजल्यासारखं बोलायचे. आणि गेमवाल्यांनी जुन्या रेकॉर्डिंगमधून नेमकं काय उचललं होतं, तर किंकाळी. बटण दाबलं की बेडूक आधी विचार करत बसायचा, मग उडी मारायचा. तोवर पायाखालची फळी गेलेली असायची. चूक गेमवाल्यांची आणि मरायचे बाबा. सकाळपासून हेच चाललं होतं.

"कोण मरतंय गं सारखं?" बाबा दारात येऊन उभे राहिले.

"तुम्हीच!" ती वैतागून म्हणाली. "थांबा, आवाज बंद करते."

"राहू दे की." ते शेजारी टेकले. पडद्यावर हातानं रंगवलेली दलदल पसरली होती. पाण्यावर कोवळं ऊन, मागे बुटक्या झाडांची रांग. बाबांनी चष्मा पुसला. "अगदी तश्शीच आहे गं! त्याचं पाय घासत चालणंसुद्धा. कुणीतरी जीव ओतलाय बघ."

"चित्रं काढणाऱ्यानं ओतला. बाकीच्यांनी मिळून माती केली."

"शेवटी हसतो का तो?"

कार्टूनच्या प्रत्येक भागाअखेर फुगोबा पोट धरून हसायचा. त्या हसण्यासाठी लोक बाबांना भर रस्त्यात अडवायचे. ऑपरेशननंतर घरात ते कुणी ऐकलं नव्हतं, आणि जुन्या कॅसेटी कधीच बाद झाल्या होत्या.

"टप्पा पार केला की हसत असेल," ती म्हणाली आणि तिनं कंट्रोलर पुन्हा उचलला.

जेवणाची वेळ टळून गेली. कॅमेरा नको तिथे वळायचा, खालचे काटे दिसायचेच नाहीत. एका खेकड्याला हरवावं, तर पुढे तोच खेकडा निळा होऊन हजर. त्यालाही हरवलं, तर हिरवा. तरी ती खेळत राहिली, कारण बाबा जागचे हलत नव्हते. अखेर हिरवा खेकडाही कोसळला.

फुगोबा वळला, त्यानं पोट धरलं आणि तो हसला. खी खी खी. पातळ, नाकातलं, उरकून टाकल्यासारखं हसू. भलत्याच कुणाचं.

"हा मी नव्हे," बाबा म्हणाले.

तिला शिसारी आली. "किंचाळायला तुम्ही चालता, आणि हसायला दुसरा! सोलून काढते एकेकाला."

"काढ ना. पण चित्रं चांगली आहेत, ते आधी लिही. तरंगतोही छान. आणि माझ्यापायी काही वाढवून लिहू नकोस."

तिनं नाइलाजानं तसंच लिहिलं. आधी दलदल, तरंगणं, संगीत. मग रेंगाळणारी उडी, आंधळा कॅमेरा, रंग बदलणारा खेकडा. हसू उसनं आहे, हे एका वाक्यात. संपादकांचा लगेच फोन आला. "अहो, वडिलांचं ऑपरेशन वगैरे टाका ना त्यात. लोक रडत रडत वाचतील."

"नाही टाकणार," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. आता तिला संपादकांचीही किळस आली. तिनं गेम मशीनमधून काढून टाकला.

"काढलास?" बाबांनी विचारलं.

"काढला. नको ती घाण घरात."

"बरं केलंस." ते थोडं घुटमळले. "दलदल तेवढी ठेवायला हवी होतीस."

ती उठून पाणी प्यायली. तोंडाची कडू चव अजून गेली नव्हती.