पाच फेऱ्यांपुरती

हर्षालीचा फोन सकाळीच आला. ती माझ्या मुलीची मुलगी. जामसरला आमच्याच घरात वाढली, आश्रमशाळेत धावायला लागली आणि धावत धावत पार जपानला पोचली. तिथल्या एका शहरात दरवर्षी वीस-पंचवीस देशांच्या खेळाडूंच्या शर्यती भरतात.

"आजा, एक सांगते. कोणाजवळ बोलायचं नाही. आजीजवळही नाही."

"बोल."

"शर्यत साडेबारा फेऱ्यांची आहे. मला पाचच धावायच्यात. पुढे राहून बाकीच्यांना वेग लावून द्यायचा आणि बाहेर पडायचं. त्यासाठीच बोलावलंय मला."

"आणि नाही पडलीस बाहेर तर?"

"नियमात बसतं. पण परत कोणी बोलावणार नाही."

जव्हारच्या नाक्यावर तिचा हातभर फोटो लागला होता, खाली सुवर्णपदकासाठी शुभेच्छा. तो लागल्यावर तिला खरं सांगायला तोंडच उरलं नव्हतं.

दुपारी कमलेश गुरुजींनी शाळेच्या वर्गात प्रोजेक्टरने भिंतीवर शर्यत लावली. भातलावणी सोडून अर्धं गाव आलं, पायांचा चिखल तसाच. माझी बायको कोंडी सगळ्यांत पुढे बसली.

शर्यत सुटली आणि हर्षाली पुढे गेली. मागे उंच उंच पोरींची रांग. लोक ओरडायला लागले. शेजारचा मंगेश माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हातारबा, हसा की जरा! सगळं जग नातीच्या मागे लागलंय."

मी फेऱ्या मोजत होतो. तीन झाल्या. चार झाल्या. थांबू नको पोरी, असं मनात येई आणि लगेच वाटे, थांब ग बाई, नाहीतर कायमची घरी बसशील. पाचवी संपली. ती आत सरकली आणि गवतावर उभी राहिली. बाकीच्या पुढे निघून गेल्या.

कोणाला काही कळेना.

"काय झाला?" कोंडी म्हणाली.

"काय व्हायचंय?" मंगेश बोलला. "धापसुद्धा लागली नाही तिला. भ्याली! एवढ्या लांब जाऊन सोडून दिली."

"माझी पोर भीत नाही," कोंडी म्हणाली आणि माझ्याकडे पाहायला लागली. मागे कोणीतरी हसलं. मला ते सोसलं नाही.

"पाय मुरगळला तिचा," मी म्हणालो. "डावा. मी पाहिला."

"हां, मलाही दिसला!" एक जण म्हणाला. मग आणखी दोघांना दिसला. मंगेशने जीभ चावली. सुकरी आमच्याकडे मोडलेली, मुरगळलेली हाडं बसवते. ती म्हणाली, "येऊ दे तिला. पयला मी बघते."

संध्याकाळी हर्षालीचा फोन आला तेव्हा मी अंगणात जाऊन झालेलं सांगितलं.

"कोणता पाय सांगितलास?"

"डावा."

"बरं."

"खरं सांगून टाकू का सगळ्यांना?"

"आता कसं सांगणार, आजा? तू खोटा पडशील, मी पण." मग म्हणाली, "वेग चांगला लावला म्हणाले. पुढच्या वर्षीही बोलावलंय."

"पुरी धावायला?"

"पाचच."

चार दिवसांनी जव्हारच्या एसटी डेपोत आम्ही तिला आणायला गेलो. मंगेश हार घेऊन आला होता. सुकरी तेलाची बाटली आणि फडकं घेऊन फलाटावरच बसली होती. गाडी लागली. हर्षाली दारात आली तशी कोंडी ओरडली, "हळू ग, उडी मारू नको!"

हर्षालीने माणसांवरून नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

तिने दांडा धरला, डावा पाय जपून खाली टेकवला आणि लंगडत सुकरीकडे गेली.